नवी नळी

बंदूक आणायला जायचं म्हणून काही कुणी लढाईला निघालं नव्हतं. सप्टेंबरातली उजळ सकाळ, वेल्समधल्या कार्डिफहून वर डोंगराकडे जाणारा रस्ता, मागच्या सीटवर डब्यात मेथीचे पराठे आणि डिकीत कौन्सिलच्या कचरा-डेपोवर टाकायची एक मोडकी खुर्ची. आधी खुर्ची, मग बंदूक, मग येताना लेकीकडे चहा. असल्या बारीकसारीक कामांच्या रांगेत गिरीशरावांनी आपली जन्माची हौस गुपचूप बसवून टाकली होती.

शेजारी शशीबाई तोंड मिटून बसल्या होत्या. या बाईचं तोंड मिटलेलं असलं की माणसानं सावध राहावं. लग्न होऊन या देशात आल्या तेव्हा इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. नवरा हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, आणि या त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी शिवायच्या. इंग्रजी रेडिओ ऐकून शिकल्या, गाडी शेजारणीशी भांडून शिकल्या, आणि नवरा दर शनिवारी जातो कुठे ते बघायला म्हणून रायफल क्लबात गेल्या, त्या तिथेच पालथ्या पडून नेम धरायला लागल्या. शिकवलं कुणी म्हणाल तर कुणीच नाही. जे येतं ते ठणकावून येतं, आणि जे येत नाही तेही येतं असंच म्हणायची खोड. त्या खोडीनं पुढे काय केलं ते ऐका.

"शशी, बोल की काहीतरी," गिरीशराव म्हणाले.

"बोलायचं ते मी तेव्हाच बोलले होते. पालथ्या घड्यावर पाणी."

तेव्हा म्हणजे उन्हाळ्यात, जुन्या लष्करी सामानाच्या मेळ्यात. गिरीशरावांचे वडील, आबा, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढून आले होते. हातात थ्री-नॉट-थ्री घेऊन नद्या ओलांडल्या, चिखल तुडवला, धडधाकट घरी आले, आणि मग गिरीशराव जन्मले. तशी एक बंदूक आपल्याकडे असावी ही पोराची हौस, पोराचे केस पिकले तरी गेली नव्हती. मेळ्यातल्या डीलरनं ते नेमकं हेरलं. दस्त्यावरची पितळी चकती बोटानं पुसत म्हणाला, "बघा डॉक्टर, मराठा पलटणीची खूण." आता असली चकती दोन स्क्रूंवर बसते आणि दोन स्क्रूंवर निघते, हे शेंबड्या पोराला कळेल. पण गिरीशरावांचे डोळे भरून आले होते.

शशीबाईंनी मात्र बंदूक उचलून उजेडाकडे धरली. लाकडाला आरशासारखं तेल चोपडलेलं. काडतूस आत सारणाऱ्या बोल्टवरचा आकडा एक, बंदुकीच्या अंगावरचा दुसरा. आणि नळीच्या तोंडात पिवळं, दगडासारखं घट्ट ग्रीस ठासलेलं.

"हे काय?"

"साठवणीचं ग्रीस, मॅडम. जुनी पद्धत. घरी नेऊन गरम पाण्यानं काढा."

"अहो," त्या नवऱ्याला मराठीतून म्हणाल्या, "जिच्यातून आरपार दिसत नाही ती नळी घेऊ नका. आपण बांगडीसुद्धा उजेडाकडे धरून घेतो."

पण हौस आंधळी. ग्रीस निघालं, आणि साफ करायची काठी अर्ध्यात जाऊन थटली. ठोकलं, तेल सोडलं, तेल मुरायला ठेवलं. इकडून नाही की तिकडून नाही. शेवटी क्लबातल्या कुणीतरी एम्लिनचं नाव सांगितलं.

एम्लिनचं वर्कशॉप एका बंद पडलेल्या चॅपेलच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. माणूस कसबी, पण कामाला इतका सावकाश की चुलीवर डोंगर शिजवायला ठेवलाय म्हणावं. त्यानं जुनी नळी फिरवून काढली, नवी कोरी बसवली, नेम धरायची पुढची माशी सरळ उभी राहील अशी बेतून घट्ट केली. बोल्ट आणि काडतूस यांच्यात फट किती राहते ती मोजली. मग बर्मिंगहॅमला पाठवून नळीवर कायद्याचा शिक्का मारून आणला. स्वतः डझनभर गोळ्याही झाडून बघितल्या होत्या.

"लोण्यासारखी चालते," तो म्हणाला. "एक कुरकूर नाही."

"आणि जुनी नळी?" शशीबाईंनी विचारलं.

"ती तुम्हाला नेता येणार नाही, लव्ह. सुटी नळीसुद्धा लायसन्सवर लागते. माझ्याकडेच राहील, मग कापून टाकीन."

"आत अडकलंय काय ते बघितलंस?"

"गंज असेल. चिंधी असेल. कापेन तेव्हा कळेल."

"आधी बघायचं, मग नवी बसवायची."

"शशी!" गिरीशराव म्हणाले. त्यांनी बंदूक छातीशी धरली होती, पहिल्या नातवासारखी.

पराठे एम्लिननंच खाल्ले.

*

खंडेनवमीला शशीबाईंनी हॉलमधल्या गॅस-फायरसमोर पाट मांडला. पाटावर स्वयंपाकघरातली सुरी, शिवणाची कात्री, वरदाचा स्टेथोस्कोप, आणि मधोमध ती बंदूक, बोल्ट काढून बाजूला ठेवलेली. वरदा त्यांची एकुलती लेक, इथंच जन्मलेली, कार्डिफमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. ती दवाखान्यातून थेट आली होती आणि पाय दुमडून बसायला धडपडत होती.

"आई, गन्सना कुंकू लावते कोण?"

"आपण लावतो. गप्प बस आणि हात जोड."

शशीबाईंना पूजेला भटजी लागत नसे. माहेरी कोरेगावकडे वडील खंडेनवमीला घरातली तलवार काढायचे. तिला हळदकुंकू, अक्षता, आणि शेवटी हात टेकून एकच वाक्य: तुझं जे अपुरं राहिलं असेल, ते पुरं होऊ दे. ती तलवार घरातल्या घरात बापाकडून लेकाकडे आलेली. तिचं काय अपुरं होतं, काय पुरं होतं, सगळ्या घराला ठाऊक. बाजारातून आणलेल्या, परक्यांच्या हातांतून फिरलेल्या हत्याराला हे वाक्य म्हणावं की म्हणू नये, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. आणि असतं तरी शशीबाईंनी विचारलं नसतं.

त्यांनी नव्या नळीवर तळवा टेकवला. पोलाद थंड असायला हवं. फायरच्या धगीनं असेल, पण कोमट लागलं.

"तुझं जे अपुरं राहिलं असेल, ते पुरं होऊ दे," शशीबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या.

फायरची ज्योत हलली नाही की काही नाही. गिरीशरावांनी नमस्कार केला आणि लगेच बंदूक उचलून वर नेली. कायद्यानं ती कपाटात कुलूपबंद हवी, आणि किल्ली त्यांच्याशिवाय कुणाकडे नाही. अक्षता जिन्याच्या पायऱ्यांवर सांडत गेल्या.

*

दसऱ्यानंतरच्या शनिवारी ते तिघं रेंजवर गेले. क्लबची रेंज डोंगराच्या पोटात. खाली गवतावर नेमबाज पालथे झोपतात, आणि लांब समोर, टेकडीच्या पायथ्याशी, निशाणं उभी असतात. निशाणांच्या खाली माणूसभर खोल काँक्रीटचा खंदक. त्याला बट्स म्हणतात. तिथं कुणीतरी बसावं लागतं: निशाण दोरीनं खाली ओढायचं, भोकं बघायची, कागदाचे तुकडे चिकटवून ती बुजवायची, आणि पुन्हा वर करायचं. गोळ्या डोक्यावरून जातात. खंदकात बसलेल्याला धोका नाही.

त्या दिवशी बट्समध्ये शशीबाई होत्या. एकट्याच. चिकटवायला त्यांनी घरून मैद्याची खळ करून आणली होती. क्लबाचा गोंद म्हणजे नुसतं पाणी, असं त्यांचं मत. ढग टेकडीवर टेकले होते, काँक्रीटला ओल सुटली होती. वर कुठे तरी एक मेंढी खोकल्यासारखी ओरडत होती.

रेडिओ खरखरला. "आई, बाबा रेडी आहे. पाच झाडणार, मग तू खाली घे."

"'आहेत' म्हण."

"बाबा रेडी आहेत."

डोक्यावर फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, आणि मागोमाग, लांबून, बंदुकीचा धप्प. एक. मग दुसरा. तिसरा. शशीबाईंच्या कानांना ही सवय होती: आधी डोक्यावर कडाका, मग समोरून धप्प. चौथा. पाचवा. त्यांनी निशाण खाली ओढलं.

गिरीशरावांच्या पाचही गोळ्या मधोमध, एका वाटीखाली झाकतील अशा. शशीबाईंचं तोंड कौतुकानं उघडलं, आणि तसंच राहिलं.

खाली डाव्या कोपऱ्याजवळ सहावं भोक होतं.

जुनं असेल, बुजवायचं राहिलं असेल, म्हणून त्यांनी बोट लावलं. आणि बोट मागे घेतलं. गोळी पुढून येते, मागे निघते, म्हणून कागदाच्या फाटलेल्या कडा निशाणामागे, बट्समधल्या माणसाच्या बाजूला वळतात. पाचांच्या कडा तशाच होत्या. या सहाव्या भोकाची मागची बाजू गोल, गुळगुळीत. आणि कडा पुढे वळलेल्या. गिरीशरावांच्या दिशेला.

शशीबाईंनी वळून पाठीमागे पाहिलं. मागे काही नव्हतं. वाळूचा उंच बांध, त्याच्यामागे टेकडी, तिच्यावर ढग.

"आई? ऑल ओके?"

"... हो. बुजवते."

निशाण पुन्हा वर गेलं. या वेळी त्या मोजत राहिल्या, हातातला खळीचा ब्रश तसाच धरून. कडाका, धप्प. कडाका, धप्प. कडाका, धप्प. आणि मग, त्यांच्या पाठीमागे, वाळूच्या बांधाच्या वर कुठेतरी, अगदी जवळ, कुणीतरी बंदुकीचा बोल्ट ओढला आणि पुढे सारला. सावकाश. तेल न घातलेला, वाळू अडकलेला बोल्ट.

जळक्या दारूचा वास आला. हा वास झाडणाऱ्याच्या नाकाला येतो. बट्समध्ये तो कधी येत नाही. आणि त्याच्यासोबत ओल्या लोकरीचा, न धुतलेल्या माणसाचा...

मागून धप्प झाला. डोक्यावर कागद फडकला.

रेडिओवर वरदा ओरडली. "आई! इथे काहीतरी आला! बाबाच्या समोर माती उडला, एकदम समोर!"

"थांबवा! त्यांना म्हणावं थांबा! वरदा, बाबांना उठव तिथून, आत्ताच्या आत्ता!"

झाडणं थांबलं. रेंजची जबाबदारी डेलिथकडे होती, निवृत्त हेडमिस्ट्रेस, शिस्तीची बाई. ती स्वतः चालत बट्समध्ये आली. बांधावर चढली, पलीकडे पाहून आली. गवत सपाट, ओलं, एक पाऊल उमटलेलं नाही. "दगडावरून उडालेला तुकडा असेल," ती म्हणाली, पण निशाण तिनं बराच वेळ हातात धरून ठेवलं.

"तुझ्या खळीनं कागद उलटा फाटला," गिरीशराव घरी येताना म्हणाले. ते खुशीत होते. "गोळ्यांचा ग्रूप बघितलास का माझा? या वयात?"

"पहिलं उलटं भोक कोपऱ्यात होतं. दुसरं त्याच्यापेक्षा वर, मध्याकडे. नेम धरणारा नेम सुधारतोय."

"कोण नेम धरणारा?"

शशीबाई म्हणाल्या, "एम्लिन ती नळी कापून आत काय आहे ते सांगेपर्यंत बंदूक कपाटातून निघायची नाही. माझी शपथ आहे."

"बरं बाई."

"बरं बाई नको. शपथ घ्या."

त्यांनी घेतली. तोंडानं.

*

एम्लिनचा फोन आला तो नोव्हेंबरात, लढाईत पडलेल्यांच्या आठवणीच्या, रिमेंबरन्सच्या शनिवारी सकाळी. शशीबाईंनी तोवर त्याला इतके फोन केले होते की तो नाव न विचारताच "हो, हो, कापतो" म्हणायचा. आज मात्र तो म्हणाला, "शशी, तू इथे ये. फोनवर नको."

गिरीशराव कोट घालत होते. क्लबात आज जुन्या बंदुकांची स्पर्धा, मग दोन मिनिटांची शांतता आणि सूप. "मी नुसता बघायला जातोय," ते म्हणाले. "वरदा येतेय न्यायला. तू जा तुझ्या एम्लिनकडे."

शशीबाई आपली छोटी गाडी घेऊन डोंगरात गेल्या. शेडमध्ये दिवसाही दिवा लागलेला होता. एम्लिननं जुनी नळी उभी चिरली होती, काकडी चिरावी तशी, आणि एक फाक बाकावर ठेवली होती.

"गंज नाही," तो म्हणाला. "चिंधी नाही."

नळीच्या अर्ध्यात वाळलेला, विटेसारखा झालेला चिखल. त्या चिखलात नाक खुपसून एक गोळी बसली होती. बारीक, लांबट, तपकिरी.

"ही या बंदुकीची नाही," एम्लिन म्हणाला. "हिच्या गोळ्या जाड असतात. ही पलीकडच्यांची, शत्रूची. आणि हे बघ, नाक कुठे आहे."

नाक दस्त्याकडे होतं.

शशीबाईंना समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्यांनी बाकाची कड धरली. ही गोळी आतून बाहेर निघाली नव्हती. बाहेरून आत आली होती. कुणी एक शिपाई नेम धरून झोपला होता, आणि समोरच्यानं झाडलेली गोळी थेट त्याच्या नळीच्या तोंडात शिरली होती. अर्ध्या वाटेत चिखलानं तिला अडवलं. शिपाई वाचला. कुणाचा बाप, कुणाचा लेक, कोण जाणे. आणि मग कुणीतरी तोंडात ग्रीस ठासून ती तशीच विकली, हातोहात, इतकी वर्षं.

"लाखात एखाद्या वेळी होतं असं," एम्लिन हळू म्हणाला. "मी ऐकलं होतं फक्त. पण मी झाडून बघितली तेव्हा काही झालं नाही. बर्मिंगहॅमलाही झाडतात, तिथंही नाही. मग तुलाच कसं..."

"तेव्हा वाट नुसती मोकळी होती," शशीबाई म्हणाल्या. "बोलावलं नव्हतं कुणी."

"म्हणजे?"

तुझं जे अपुरं राहिलं असेल, ते पुरं होऊ दे. त्यांचाच ठणठणीत आवाज त्यांच्या कानात वाजला. मुक्कामाला न पोचलेल्या गोळीला त्यांनी नवी कोरी नळी घालून दिली होती, वर हात टेकून म्हटलं होतं, ये.

त्यांनी वरदाला फोन लावला. वाऱ्याचा घोंगाट, लोकांचे आवाज.

"वरदा, बाबा कुठे आहेत?"

"आई, तू रागवू नको. बाबा म्हणाला आईला सांगू नको. बाबा गन घेऊन आला. आबांच्या नावानं शूट करणार, नेक्स्ट बॅचमध्ये—"

"त्यांना झोपू देऊ नकोस! वरदा! बंदुकीच्या मागे झोपू—"

रेंजवर सिग्नल कधीच धड नसे. फोन मेला.

एम्लिननं व्हॅनच्या किल्ल्या उचलल्या. डोंगरातली ती वळणं, समोर धुकं, मधेच रस्त्यात मेंढ्या. एम्लिन हॉर्न वाजवत होता आणि शशीबाई डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकून पुटपुटत होत्या. "माझं चुकलं. मी बोलावलं, मीच सांगते, परत जा. परत जा बाबा. तुझं आमचं काही नाही." कुठल्या भाषेत सांगावं तेही कळेना. समोरचा मराठी थोडाच होता.

रेंजवर लाल बावटा वर होता. लाल बावटा असताना झाडणाऱ्यांच्या रेषेकडे पळत जाऊ नये, हे त्या स्वतः नवख्यांना दरडावून सांगायच्या. त्या पळाल्या. साडीवर कोट, पायात घरातले बूट, मागून डेलिथची शिट्टी. रेषेवर सहा माणसं पालथी झोपली होती. टोकाला गिरीशराव, गाल दस्त्याला लावून.

धप्प झाला.

शशीबाईंनी स्वतःला त्यांच्यावर टाकलं. खांद्यानं ढकलून त्यांना चटईवरून ओल्या गवतात लोटलं, आणि त्यांच्या जागी, बंदुकीमागे, छाती टेकून त्या स्वतः पडून राहिल्या. समोर नव्या नळीवरून उष्ण हवा थरथरत होती. त्यापलीकडे धुक्यात निशाणांचे पांढरे ठिपके. त्यांनी डोळे मिटले नाहीत. ये, मी आहे इथे...

काही आलं नाही. माती उडाली नाही. वाराही पडला होता.

"शशी! डोकं फिरलंय का तुझं?"

"किती झाल्या? किती झाडल्या तुम्ही?"

"पाच! सगळ्या झाल्या! शेवटची आत्ता..."

त्या उठल्या आणि भर लोकांत त्यांच्या कोटाची, मग स्वेटरची, मग शर्टाची बटणं काढायला लागल्या.

"अगं, लोक बघतायत! थंडी आहे!"

"बघू देत. शपथ मोडणाऱ्यानं लाजू नये."

छाती, पोट, गळा, पाठ. पिकलेले केस, सुरकुतलेली कातडी, थंडीनं आलेला काटा. ओरखडासुद्धा नाही. शशीबाई त्यांच्या छातीवर कपाळ टेकून उभ्या राहिल्या, आणि लग्नापासून पहिल्यांदाच चारचौघांत रडल्या. गिरीशरावांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला.

डेलिथच्या हातातला रेडिओ खरखरला, बट्समधून आवाज आला. "शेवटच्या निशाणावर पाच मधोमध. आणि... डेलिथ, एक जास्तीचं आहे. बरोब्बर केंद्रात. कडा उलट्या."

*

संध्याकाळी चहाच्या वेळी एम्लिनचा फोन आला. "शशी, ती गोळी तू घेऊन गेलीस का?"

"मी? नाही. का?"

"चिखलात खाच आहे. तिच्या आकाराची. गोळी नाही. मी शेडला कुलूप लावून गेलो होतो."

शशीबाईंनी फोन ठेवला. मग त्यांना हायसं वाटलं. गेली. आली, माणूस मिळाला नाही, गेली. तिची वाट संपली. त्यांनी रात्रीच्या वाटाण्याच्या उसळीला फोडणी दिली, त्यात मिरची जास्त पडली, आणि गिरीशराव कुरकुरत, नाक पुसत दुसऱ्यांदा वाढून घेत होते, तेव्हा त्यांच्याकडे बघून त्या चक्क हसल्या. बंदूक दुसऱ्याच दिवशी एम्लिनकडे गेली. त्यानं ती नळीसकट, बोल्टसकट कापून भंगारात दिली. गिरीशराव दिवसचे दिवस हलक्या पावलांनी चालत होते, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

डिसेंबरात त्यांना खोकला धरला. रेंजवरची ती थंडी, उघडी छाती, दुसरं काय. वरदानं हट्टानं एक्स-रेला पाठवलं.

फोटो काढणारी मुलगी आत गेली ती बाहेर येईना. आली ती छातीचे डॉक्टर घेऊन. त्यांनी गिरीशरावांना खुर्ची दिली, आणि अदबीनं विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या लढाईत होता?"

पडद्यावर बरगड्यांच्या आत, हृदयाच्या थोडं अलीकडे, एक बारीक लांबट सावली होती. नाक हृदयाकडे. बुडाशी एका अंगाला पोचा आलेला, वरच्या बाजूला.

"खूप जुनी आहे," डॉक्टर म्हणाले. "आजूबाजूला सगळं भरून आलंय. पण आत शिरल्याची खूण कुठे नाही. हाडाला नाही, कातडीला नाही." त्यांनी गिरीशरावांकडे पाहिलं, मग वरदाकडे. "असे पुष्कळ म्हातारे शिपाई आयुष्य काढून जातात. काढायला जाणं धोक्याचं. आपण हात लावू नये. महिन्याभरानं पुन्हा एक फोटो घेऊ, नुसतं बघायला."

वरदा स्वतः डॉक्टर. तिनं तोंडावर हात धरला होता. गिरीशराव आपल्याच छातीचा फोटो बघत होते.

महिन्यानं दुसरा फोटो झाला. डॉक्टरांनी दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले. "छान. जागा सोडलेली दिसत नाही," ते म्हणाले. "मधल्या काळात काही पडझड? ओझं उचललं?"

"काहीच नाही," गिरीशराव म्हणाले. "ही उचलूच देत नाही."

डॉक्टर हसले. शशीबाई खुर्ची सरकवून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. जागा सोडलेली दिसत नव्हती, हे खरं. दिसण्याइतकी नव्हती.

पण पहिल्या फोटोत तो बुडाचा पोचा वरच्या अंगाला होता. दुसऱ्या फोटोत तो उजव्या अंगाला आला होता.

नळीतून सुटलेली गोळी सरळ जात नाही. फिरत फिरत जाते. आणि ती जोवर फिरत असते, तोवर ती वाटेतच असते.

"पुढचा फोटो कधी?" शशीबाईंनी विचारलं.

"आता वर्षभरानं चालेल," डॉक्टर म्हणाले.

"नाही," शशीबाई म्हणाल्या. पदराखाली त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता, आणि तो हात कोमट होता. "... पुढच्या आठवड्यात."